अकरा की बारा

गुरुदत्तांना एखादा कागद भरायचा असला की ते आधी ओल्या फडक्याने टेबल पुसत, मग कोरड्या फडक्याने, आणि मग सुनेला हाक मारत. शनिवारी सकाळीही तसंच झालं. कल्पिता पदराला नाही पण कुर्त्याला हात पुसत आली आणि खुर्चीत बसली. समोर कुलवृत्तांताचा फॉर्म होता. घराण्यातल्या झाडून साऱ्या माणसांचे जन्म, लग्नं, मृत्यू नोंदवणारं जाडजूड पुस्तक. त्याची नवी आवृत्ती निघायची होती आणि गुरुदत्तांना आपली शाखा त्यात बिनचूक हवी होती.

"अक्षर तुझं चांगलं. तूच लिही," ते म्हणाले. "पेन्सिल नको. शाई."

लग्नाला चौदा महिने झाले होते. लग्न लावून शौनक तीन आठवड्यांत हॅलिफॅक्सला परत गेला, आणि त्याच्यामागून जायचं म्हणून कल्पिता कॅनडाच्या मंजुरीची वाट बघत बसली. बसली कसली! वाट बघणाऱ्या बाईला रिकामं कोण बसू देतो? वर्तकनगरला सासऱ्यांचं लाइटबिल, सासूबाईंच्या गॅसची केवायसी, सोसायटीचं नॉमिनेशन. माहेरी दातिवलीला आजीचं आधार आणि भावाच्या सातबाऱ्याची दुरुस्ती. परदेशी जाईल तेव्हा जाईल, तोवर पोर दोन्ही घरांचं सेतू केंद्र झाली होती. तिने भरलेला एकही फॉर्म आजवर परत आला नव्हता. याचा तिला थोडा तोराही होता, खोटं कशाला बोला.

"शौनकचे वडील, मी. आजोबा नारायण, आजी इंदिरा. पणजोबा विष्णू. पणजी..." गुरुदत्त थांबले. "ती जागा मोकळी सोड."

"का हो बाबा?"

"माझे वडील दीड वर्षाचे असताना त्यांची आई गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं. आम्हाला माहीत ती दुसरी आजी. पहिलीचं नाव सांगलीच्या चुलतभावालाही ठाऊक नाही. कागद कुठेच नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "कागद नाही म्हणजे माणूस नाही, कल्पिता. तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत हेच पाहिलं."

स्वयंपाकघरात सासूबाईंचा, हेमाताईंचा, मिक्सर चालू होता. कल्पिताने ती चौकट कोरी सोडली आणि खालच्या ओळीत, ते सांगतील तसं लिहिलं: शौनक व कल्पिता, विवाह १२ डिसेंबर, ठाणे. शाई वाळायच्या आत तिचा मोबाइल वाजला. ईमेल होतं. अर्ज केल्यापासून जिथून ब्र आला नव्हता, त्या कॅनडाहून.

तिने उभ्याउभ्या वाचलं. मग बसून वाचलं. पत्र सभ्य होतं, त्यात रागाचा एक शब्द नव्हता. अर्जदार पत्नीने लग्नाची तारीख अकरा डिसेंबर दिली आहे. पतीने आपल्या भागात बारा डिसेंबर दिली आहे. प्रमाणपत्रावर बारा आहे. नवरा-बायकोच्या सांगण्यात फरक का, याचा खुलासा तीस दिवसांत करावा. समाधान न झाल्यास अर्ज नाकारला जाऊ शकतो.

"आई गं!" कल्पिताच्या तोंडून निघालं.

जगातल्या कुठल्या दोन माणसांना आपल्या लग्नाची तारीख वेगवेगळी आठवेल? खोटं लग्न लावून परदेशी जाणाऱ्यांना, एवढंच कुणीही म्हणेल. दुसऱ्यांचे शंभर फॉर्म धड गेले आणि आपलाच एक फसला!

गुरुदत्तांनी मात्र पत्र दोनदा वाचलं आणि त्यांना चक्क हुरूप आला. निवृत्त झाल्यापासून असा कागद त्यांच्या हाती लागला नव्हता. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मसुदा लिहिला, दोन शब्द खोडले आणि तिच्यापुढे सरकवला. 'माझ्याकडून नजरचुकीने १२ ऐवजी ११ अशी नोंद झाली. विवाह १२ डिसेंबर रोजीच झाला. तसदीबद्दल क्षमस्व.'

"सरकारी माणसाला गोष्ट सांगू नये," ते म्हणाले. "उत्तर द्यावं."

कल्पिताने ते इंग्रजीत करून लॅपटॉपवर टाइप केलं. पण पाठवायच्या बटणावर बोट नेलं आणि ते तिथेच राहिलं.

"काय झालं? पाठव."

"बाबा, ती नजरचूक नव्हती."

"म्हणजे मुद्दाम लिहिलंस?"

"मुद्दाम पण नाही. लग्न कधी झालं विचारलं, हात अकरावरच गेला."

गुरुदत्तांनी तिच्याकडे पाहिलं. तिने लॅपटॉप मिटला. "उद्या आजी येणार आहे, विकी येणार आहे. उद्या पाठवू," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्या घरात एक भरलेला कागद न पाठवता राहिला.

त्याचं असं होतं, की लग्न दोनदा लागलं होतं. अकराला संध्याकाळी दातिवलीच्या अंगणात, आगऱ्यांच्या रीतीने. तिथे मंत्र म्हणायला भटजी नव्हते; लग्नगीतं गाऊन लग्न लावणारी धवलारीण होती, गंगुबाई. देवांना, पितरांना नावानिशी हाका मारत तिने धवले गायले आणि नवरा-नवरी एकमेकांच्या हाती दिले. बाराला सकाळी ठाण्याच्या हॉलमध्ये, शौनकच्या घरच्या रीतीने, भटजी, होम, सप्तपदी आणि चारशे पानं. महापालिकेत नोंद झाली ती बाराची, कारण सही भटजींची होती. अकराला वर्तकनगरहून कोण गेलं होतं? नवरा आणि त्याची आई. गुरुदत्त म्हणाले होते, "त्यांचा हळदीचा कार्यक्रम आहे, डीजे असणार, मला सोसत नाही." डीजे हळदीच्या रात्रीच वाजून गेला होता. पण ते त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

रविवारी चारच्या सुमारास कल्पिताची आजी सखुबाई वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आली. मागून भाऊ विकी, हातात आजीची काठी. काठी आजीला लागायची, पण व्याह्यांच्या घरी ती धरून शिरणं तिला पटत नव्हतं. चहा झाला. गुरुदत्तांनी कचेरीत साहेबांसमोर मांडावं तसं प्रकरण मांडलं आणि मसुदा वाचून दाखवला.

"चूक?" सखुबाईने बशी खाली ठेवली. "कंची चूक?"

"तारखेची, आजी. लग्न बाराला झालं, हिने अकरा लिहिलं."

"लगीन अकराला झाला," सखुबाई शांतपणे म्हणाली. "बाराला निसता जेवान व्हता."

विकीला हसू आलं. गुरुदत्तांना नाही आलं.

"आजी, जेवण नव्हतं ते. होम झाला, सप्तपदी झाली. प्रमाणपत्र आहे आमच्याकडे."

"असंल. चांगला व्हता जेवान, जिलबी पण व्हती. पण गंगुबायनं धवला बोलला, तवा देव बसलं, पितरं आली अंगनान. त्यांना आता काय सांगू? चुकून बोलावलाव तुमाना, जावा घरा?"

"अगं आजी, तू थांब ना जरा," विकी पुढे सरकला. "ताई, बघ, सिंपल आहे. टायपो झाला म्हणून लिही, मॅटर क्लोज. आपल्याला व्हिसा पायजे का भांडण? मेडिकल पण एक्स्पायर होईल, मग परत सगळं पहिल्यापासून. काका करेक्ट बोलतायत."

या दोघांचं आजवर एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. विकीच्या बुलेटच्या आवाजावरून तर गुरुदत्तांनी त्याला दोन वेळा ऐकवलं होतं. आता त्यांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. "शहाणा आहे मुलगा," ते म्हणाले.

"तू कवापासून त्यांच्या पार्टीत गेलास रं?" सखुबाईने नातवाला विचारलं. "अंगनान मांडव तूच घातलास ना? का तो पन चुकून?"

विकी शेंगांच्या पिशवीशी चाळा करत राहिला.

कल्पिता मधे बसली होती. तिला दोन्ही बाजूंचं पटत होतं, हीच तर पंचाईत. तिला जायचं होतं. फार जायचं होतं. चौदा महिने ज्या माणसाला ती मोबाइलच्या चौकटीत बघत होती, त्याच्या शेजारी बसून एकदा साधा चहा प्यायचा होता. 'चूक' एवढा एक शब्द लिहिला की झालं. आणि तोच शब्द खरा नव्हता.

तिने शौनकला फोन लावला. तिकडे सकाळ होती. खिडकीत बर्फाचा ढीग, आणि पुढे दाढी वाढलेला शौनक.

"कल्पी, मी मेल वाचलं. घाबरू नको. टायपो म्हणून टाक ना यार, एवढं काय?"

"तुझ्यासाठी टायपो आहे?"

"म्हणजे?"

"अकराची संध्याकाळ. तुझ्यासाठी टायपो आहे का, एवढंच सांग. हो म्हणालास तर आत्ता पाठवते."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून हेमाताई म्हणाल्या, "त्याला काय विचारतेस? मी होते तिथे."

सगळ्यांनी माना वळवल्या. हेमाताई घरच्या वादात पडत नसत. वाद संपला की त्या चहा टाकत, तीच त्यांची पद्धत होती. आज मात्र त्या येऊन सखुबाईच्या शेजारी, दिवाणावर बसल्या.

"मधेच लाइट गेले," त्या सांगू लागल्या. "सगळा अंधार. माणसं ओरडायला लागली, जनरेटर, जनरेटर. आणि ही गंगुबाई गातेच आहे! एक कडवं थांबली नाही. मोबाइलच्या उजेडात तिने माझा हात धरला, हिचा हात माझ्या हातात ठेवला आणि गात गात मला म्हणाली, घे गो बाय, तुझी. मग दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये फोटोवाल्याने मला तीनदा बाजूला सरकवलं. मला विचारशील, तर माझ्या घरी सून अकराला आली."

"हे तू मला कधी बोलली नाहीस," गुरुदत्त म्हणाले.

"तुम्ही विचारलंत? मी घरी आले तेव्हा तुम्ही विचारलंत, रिक्षा मीटरने आली का."

सखुबाईने तोंडाला पदर लावला. विकीने सरळ खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"आई बरोबर बोलतेय," फोनमधून शौनकचा आवाज आला. जरा घोगरा होता. "कल्पी, सॉरी. मी फॉर्म भरताना सर्टिफिकेट समोर ठेवून भरला. बघून लिहिलं. तू न बघता लिहिलंस. तू दोन्ही लिही. अकराला हे, बाराला हे. मी पण माझं स्टेटमेंट तसंच देतो. रिजेक्ट झालं तर मी येतो तिकडे, परत भरू."

"परत भरू म्हणे!" गुरुदत्त उठले. "अरे, पोरखेळ आहे का? दोन लग्नं म्हटलीत की दहा प्रश्न येतील. गंगुबाईंनी लग्न लावलं याला पुरावा काय? रजिस्टर आहे? पावती आहे?"

"तिचं प्रतिज्ञापत्र करू," कल्पिता म्हणाली. तिचा आवाज आता नेहमीसारखा, काम करणाऱ्या मुलीचा झाला होता. "विकी, उद्या गंगुबाईला ठाण्याला आणशील? कोर्टापाशी, अकरा वाजता. आधारकार्ड आण तिचं. आणि बुलेटवरून नको, रिक्षाने."

"आनतो," विकी म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "मांडव मीच घातलेला. माझी पन सही घे कुठंतरी."

गुरुदत्त मसुद्याची घडी घालत म्हणाले, "मी येणार नाही." आणि सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी चपला घालून दाराशी उभे राहिले. "नोटरीला मराठी मसुदा धड वाचता येईलच असं नाही," असं त्यांचं म्हणणं पडलं. हेमाताईंनी त्यांच्या हातात गोळ्या आणि पाण्याची बाटली दिली.

नोटरी पत्र्याच्या शेडखाली टेबल टाकून बसला होता. गंगुबाई प्लास्टिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. ऐंशीच्या पुढची, वाळकी, डोळे मात्र लख्ख. तरुणपणी ती मिठागरात राबली होती, लग्नसराईत धवले गायची. आता मिठागर राहिलं नव्हतं, धवले थोडे राहिले होते.

नोटरीने प्रतिज्ञापत्र वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "आजी, हे लग्न तुम्हीच लावलं?"

"मंग कोनी?"

"कुठे लिहून ठेवलंय का? कुणाचं लग्न लावलं, नवऱ्याचं नाव, बापाचं नाव?"

"लिवून?" गंगुबाईला गंमत वाटली. "लिवता आला असता तं मीठ कशाला वोढला असता? थांब, सांगतो तुना." तिने डोळे मिटले आणि सुरात नाही, पण सुराच्या काठाकाठाने बोलू लागली. "नवरी कल्पिता. बाप पंढरी, आय रुपाली. आजी सखुबाय. पनजी ढवली, खारीवरची. नवरा शौनक. बाप गुरुदत्त, आय हेमा. आजा नारायन, आजी इंदिरा. पनजा विष्नू. पनजी यमुना, कुंकवाची गेली, तान्हा पोर ठेवून गेली. तिला पयला बोलावला मी. पोर टाकून गेलेली बाय लग्नाला पयली येते."

गुरुदत्त तिच्याकडे वळले. "काय नाव म्हणालात?"

"यमुना."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या बायकोनी. पितरं बोलवाची तं नावा नको? इचारली, तिनी सांगतली."

गुरुदत्तांनी तिथल्या तिथे घरी फोन लावला. पलीकडचं बोलणं कल्पिताला ऐकू येत होतं, हेमाताई मोठ्याने बोलत होत्या. "अहो, यमुना! सवाष्ण गेलेली बाई, तिच्या नावाने घरातल्या प्रत्येक मंगलकार्याला सवाष्ण जेवायला नको का घालायला? सासूबाईंनी मला पहिल्या वर्षी सांगितलं. बत्तीस वर्षं घालतेय. तुमच्या पंक्तीलाच बसते ती!"

"मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सांगलीला फोन केलात. स्वयंपाकघरात कुठे विचारलंत?"

गुरुदत्तांनी फोन खिशात ठेवला. नोटरी खोळंबला होता. "आजी, अंगठा," तो म्हणाला आणि शाईचा पॅड पुढे केला. गंगुबाईने अंगठा दाबला. कागदावर एक काळा गोळा उमटला, गुळगुळीत. एक रेघ नाही. पुन्हा दाबला, तेच. डाव्या हाताचा, तेच.

"मिठानं खाल्ला," ती म्हणाली. "रेशनवाला पन वरडतो."

"असा ठसा मी कसा घेऊ?" नोटरी कुरकुरला. "ओळख पटायला हवी."

इतकं करून इथे अडणार! कल्पिता काही बोलायच्या आत गुरुदत्त पुढे झाले. त्यांचा आवाज कचेरीतला होता.

"लिहा. मिठागरातील कामामुळे अंगठ्याच्या रेषा झिजल्या असल्याने ठसा अस्पष्ट. आधारकार्डाची प्रत सोबत. खाली ओळख पटवणारे दोघे. हा विकी, यांच्या गावचा. आणि दुसरा मी."

"तुम्ही यांना कधीपासून ओळखता?"

"मी आजपासून," गुरुदत्त म्हणाले. "त्या मला चार पिढ्यांपासून."

नोटरीला यातलं काय कळलं कोण जाणे. विकीचं आधारकार्ड पाहून त्याचं समाधान झालं आणि त्याने शिक्का मारला. गंगुबाईने शाईचा अंगठा पदराला न पुसता शेडच्या खांबाला पुसला आणि विचारलं, "झाला? मंग पोरगी जाल ना आता नवऱ्याकरं?"

"ते त्यांच्या हातात," कल्पिता म्हणाली. "आपल्या हातात होतं ते झालं." तिला एकदम भरून आलं. ती वाकली आणि भर कोर्टाच्या आवारात गंगुबाईच्या पाया पडली.

दुपारी कल्पिताने सगळं जोडून पाठवलं. तिचं पत्र, शौनकचं, हेमाताईंचं, गंगुबाईचं, अंधारात मोबाइलच्या उजेडात काढलेले चार फोटो. बटण दाबताना या वेळी बोट अडलं नाही. स्क्रीनवर तेच जुनं वाक्य आलं, अर्जावर प्रक्रिया सुरू आहे. यायचं ते उत्तर महिन्याने येईल, नाहीतर सहा महिन्यांनी. तिला भीती होती तेवढीच होती, पण लाज वाटत नव्हती.

बाहेरच्या खोलीत गुरुदत्त टेबल पुसत होते. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या. या वेळी त्यांनी हाक मारली नाही. कल्पिता दारात येऊन उभी राहिली तेव्हा कुलवृत्तांताचा फॉर्म पुढ्यात घेऊन ते स्वतःच लिहीत होते. कोऱ्या चौकटीत त्यांनी 'यमुना' लिहिलं. मग पट्टी घेतली. तिच्या सुबक अक्षरातल्या खालच्या ओळीवर एकच सरळ रेघ मारली आणि शेजारी छोटी सही केली.

"बाबा, खाडाखोड?"

"खाडाखोड नाही, दुरुस्ती. एक रेघ, बाजूला सही. नियमात बसतं." प्रतिज्ञापत्र कपाटात होतं. ते न बघता त्यांनी वरच्या जागेत लिहिलं आणि लिहिता लिहिता वाचलं. "विवाह, अकरा डिसेंबर, दातिवली. पौरोहित्य, गंगुबाई आनंदा मढवी."

कल्पिता म्हणाली, "आणि बारा?"

"बाराला काय?" गुरुदत्तांनी पेनाचं टोपण लावलं. "बाराला जेवण होतं."